कासची फुलं आणि देशाचा शब्द

साताऱ्याच्या राजवाड्यापासून पश्चिमेची वाट धरली की लगेच यवतेश्वराचा घाट लागतो. एस.टी. घरघरत वळणं घेते, अजिंक्यतारा मागे पडतो आणि मग रस्ता डोंगराच्या कण्यावरून धावू लागतो. एका बाजूला खोल खाली उरमोडी धरणाचं पाणी, दुसऱ्या बाजूला कण्हेरचं. असं पंचविसेक किलोमीटर गेलं की कासचं पठार येतं. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १२०० मीटर. मे महिन्यात इथं आलात तर म्हणाल, "हे काय दाखवायला आणलंय?" नुसता उघडा कातळ आणि डोक्यावर ऊन. पण मुलांनो, ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबर लागेपर्यंत याच कातळावर फुलांचे गालिचे पसरतात. आज गुलाबी दिसलेला भाग आठवड्यानं पिवळा, त्यानंतर निळसर!

याचं कारण मोठं मजेशीर आहे. खाली जांभा खडक आणि त्यावर माती फार थोडी. कुठं बोटभर, कुठं तेवढीही नाही. मोठं झाड मूळ धरणार कुठं? मग ही जागा छोट्या वनस्पतींनी पटकावली. पाऊस पडला की उगवायचं, घाईघाईनं फुलायचं, बी टाकायचं आणि ऊन तापायच्या आत संसार आटोपायचा. गुलाबी तेरडा, पिवळी सोनकी, पांढरे गेंद, पिवळ्या फुलावर लाल ठिपके मिरवणारा कवला (याला सगळे मिकी माऊस म्हणतात), निळी-जांभळी सीतेची आसवं. नाव किती गरीब, पण सीतेची आसवं ही वनस्पती चक्क किडे खाते, बरं का! मातीत कस नाही, म्हणून तिला इवल्याशा पिशव्या असतात. त्यात बारीक जीव अडकतात आणि तेच तिचं जेवण. आणखी एक वायतुरा. त्याचा तुरा इंग्रजी 'वाय' अक्षरासारखा दुभंगलेला असतो. त्याच्या शास्त्रीय नावातच सातारा आहे, 'सातारेन्सिस'. या पठारावर ८५०हून अधिक जातींच्या फुलझाडांची नोंद झालेली आहे.

एका सप्टेंबरात आम्ही सातवीच्या मुलांना घेऊन कासला गेलो होतो. आमचं गाव सांगली जिल्ह्यातलं, उसाचं. पोरांनी एवढी फुलं एका जागी कधी पाहिलेली नव्हती. पण आमच्यातल्या एका मुलीचं लक्ष फुलांपेक्षा तिथल्या पाटीवर जास्त. 'जागतिक वारसा स्थळ' असं वाचून ती माझ्याजवळ आली.

"बाई, जागतिक म्हंजे जगाचं न्हवं? मग हे आपलं ऱ्हायलं न्हाई का आता?"

प्रश्न साधा वाटतो, पण मोठमोठ्या माणसांनाही तो पडलेला आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला हा मान मिळायच्या वेळी शेजारच्या कर्नाटक सरकारनं या नोंदीला विरोधच केला होता. एकदा का जगाच्या यादीत नाव गेलं की आपल्या रानात आपलंच काही चालणार नाही, अशी भीती गावोगाव होती. तेव्हा त्या मुलीला मी बसमध्ये जे अर्धंमुर्धं सांगितलं, ते इथं नीट सांगते.

१६ नोव्हेंबर १९७२ रोजी पॅरिसमध्ये युनेस्कोच्या परिषदेनं एक करार मंजूर केला, जागतिक वारसा करार. जगात काही जागा अशा आहेत की त्या नष्ट झाल्या तर नुकसान एका देशाचं नाही, सगळ्या माणसांचं होतं. अशा जागा सांभाळायचा हा करार. भारतानं त्याला १४ नोव्हेंबर १९७७ रोजी मान्यता दिली. तारीख ओळखीची वाटली ना? बालदिन! आज १९०हून अधिक देश या करारात आहेत.

करारात लिहिलंय काय? पहिली गोष्ट, जागा ज्या देशात आहे त्याच देशाची राहते. तिथले कायदे त्या देशाचे, जमिनीची मालकीही त्या देशाच्या कायद्यानं असेल तशीच. युनेस्कोचा कुणी साहेब येऊन कासचा सातबारा आपल्या नावावर करून घेत नाही. पण त्याच कराराच्या चौथ्या कलमात असंही आहे की ती जागा ओळखायची, राखायची आणि पुढच्या पिढ्यांच्या हाती द्यायची ही जबाबदारी सर्वांत आधी त्या देशाची. सहाव्या कलमात बाकीच्या देशांचं कर्तव्य सांगितलंय: मदत करायची, आणि दुसऱ्या देशातल्या वारशाला धक्का लागेल असं मुद्दाम काही करायचं नाही. मदतीसाठी एक निधीही आहे, त्यात सगळे देश वर्गणी घालतात. गावच्या जत्रेसारखंच की हे. देऊळ एका वाड्यापाशी असतं, पण वर्गणी सगळ्या आळ्यांची.

आपल्या राज्यघटनेतही या शब्दाला जागा आहे. कलम ५१ म्हणतं की राज्यानं आंतरराष्ट्रीय कायदा आणि करारांतली बंधनं यांबद्दल आदर वाढवायचा प्रयत्न करावा. आणि लगेच पुढचं कलम ५१अ, म्हणजे तुमच्या पाठ्यपुस्तकातली मूलभूत कर्तव्यं. त्यात वनं, सरोवरं, नद्या, वन्यजीव यांचं रक्षण हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून आहे. देशाचं कर्तव्य आणि तुमचं-माझं कर्तव्य घटनेत असं शेजारी-शेजारी बसलंय. शाळेत शिकवताना मला याची नेहमी गंमत वाटते.

"पण बाई, शब्द मोडला तर पोलीस येत्यात का?" हा पुढचा प्रश्न एका मुलाचा. बस तेव्हा घाट उतरत होती.

नाही येत. देशांना पकडायला पोलीस नाहीत. दर सहा वर्षांनी अहवाल द्यावा लागतो. हयगय झाली तर त्या जागेचं नाव 'धोक्यातील वारसा' या यादीत जातं. आपल्या हंपीचंच झालं. तुंगभद्रेवर आनेगुंदीजवळ पूल बांधायला घेतला आणि १९९९ मध्ये हंपी त्या यादीत गेली. गावकऱ्यांना पूल हवाच होता, टोपलीसारख्या गोल नावेतून नदी ओलांडायची म्हणजे जिवाशी खेळ. त्यांचंही खरं होतं. पुढे बऱ्याच खटपटी झाल्या आणि २००६ मध्ये नाव त्या यादीतून निघालं. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरानं मात्र एल्बे नदीवरचा आपला पूल बांधलाच. २००९ मध्ये त्याचं नाव वारसा यादीतून साफ काढून टाकलं. ओमाननं हरणांचं अभयारण्य कापून लहान केलं, तेही २००७ मध्ये यादीबाहेर. एवढीच शिक्षा. दंड नाही, तुरुंग नाही. पण तुम्ही गावात कुणाला शब्द दिला आणि फिरवला, तर कुठं कोर्टात जावं लागतं? फक्त पुढच्या वेळी कुणी उसनं देत नाही. देशांची पतही अशीच असते.

तरी हे अगदीच दातपडकं नाही हं. आफ्रिकेतल्या माली देशात टिंबक्टू नावाचं फार जुनं विद्यानगर आहे. २०१२ मध्ये सशस्त्र टोळ्यांनी तिथल्या जुन्या कबरी फोडल्या. त्यात पुढाकार घेणाऱ्या एका माणसाला २०१६ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं ९ वर्षांची कैद सुनावली. वारसा फोडला म्हणून तुरुंग!

आता परत सह्याद्रीत येऊ. रशियातल्या सेंट पीटर्सबर्गला १ जुलै २०१२ रोजी पश्चिम घाटातल्या ३९ जागांना एकत्रितपणे जागतिक वारसा ठरवलं गेलं. जागा महाराष्ट्र, कर्नाटक, केरळ आणि तामिळनाडूतल्या. महाराष्ट्रातल्या चारच: कास, कोयना अभयारण्य, चांदोली राष्ट्रीय उद्यान आणि कोल्हापूरकडचं राधानगरी. पहिल्या तीन आपल्या सातारा-सांगलीच्या अंगणातल्या!

नाव झालं आणि कासला झुंबड उडाली. गाड्यांच्या रांगा, फुलात लोळून फोटो, प्लॅस्टिकच्या पिशव्या. ज्या नावामुळं फुलं वाचायची, त्याच नावानं ती तुडवली जाऊ लागली. मग वनखातं आणि कास, एकीव, आटाळी, कासाणी या आसपासच्या गावांची समिती यांनी मिळून बंधनं घातली. दिवसाला ठरावीक माणसं, आधी नोंदणी, प्रवेशशुल्क. त्या शुल्कातून गावातल्या पोरा-बायांना हंगामाचं काम मिळतं. काही वर्षं पठाराला तारेचं कुंपणही होतं. पण त्यामुळं जनावरांचं येणं-जाणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं कमी झाली असं तिथले गुराखी म्हणू लागले. पुढे ते कुंपण काढायला घेतलं. मला यात त्या गुराख्यांचं कौतुक वाटतं. पठार त्यांच्या आज्या-पणज्यांनी बघितलेलं. पॅरिसमध्ये कागद कितीही छान लिहा, गुरं कुठं चरल्यानं कुठलं फूल वर येतं हे कागदाला कुठलं कळायला!

कासहून पुढे उतरलं की बामणोली. इथं रस्ता संपतो आणि शिवसागर जलाशय सुरू होतो. होडीत बसलं की पलीकडे कोयनेचं दाट रान आणि त्यातला वासोटा किल्ला. पाणी इतकं शांत की बोलायचंही मनात येत नाही. पण हे पाणी नैसर्गिक तळ्याचं नाही. कोयना धरण १९५४ ते १९६४ च्या सुमारास उभं राहिलं. महाराष्ट्राला वीज मिळाली, घराघरांत दिवे लागले. आणि खोऱ्यातली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. माणसं रायगड, ठाणे, सोलापूर, सांगली अशी पांगली. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली, म्हणजे पाणी चढून गेल्यावर.

अगदी त्याच वर्षांत इजिप्तमध्ये नाईल नदीवर आस्वानचं धरण बांधलं जात होतं. तिथं पाण्याखाली जाणार होती अबू सिंबेलची देवळं, तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी रामसेस राजानं डोंगरात कोरलेली. युनेस्कोनं १९६० मध्ये जगाला हाक दिली. सुमारे ५० देशांनी पैसे दिले. १९६४ ते १९६८ या काळात देवळं करवतीनं कापली, दगडांना क्रमांक दिले आणि सुमारे ६५ मीटर उंचावर सगळं जसंच्या तसं पुन्हा जोडलं! ही मदतीची मोहीम यशस्वी झाली, त्यातूनच पुढे १९७२च्या कराराची कल्पना वाढीस लागली. गोष्ट मोठी सुंदर आहे. पण तिचा दुसरा अर्धा भाग फारसा कुणी सांगत नाही. त्याच धरणानं नाईलकाठच्या नूबियन लोकांची हजारो घरं बुडाली आणि त्यांना दूर नेऊन वसवलं. त्यांच्या घरांच्या दगडांना कुणी क्रमांक दिले नाहीत.

बामणोलीच्या होडीत बसलं की मला हे दोन्ही आठवतं, कोयना आणि नाईल.

हिवाळ्यात आम्ही चांदोलीला गेलो. कराडहून पुण्या-बंगळूरचा मोठा रस्ता धरायचा, पेठ नाक्यावरून शिराळ्याकडे वळायचं. हेच ते बत्तीस शिराळा, नागपंचमीचं. पूर्वी इथं जिवंत नाग पकडून, मिरवून पूजा व्हायची. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार ते चालत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नाग पकडून त्यांचे खेळ करणं थांबलं. शिराळकरांना ते सोपं गेलेलं नाही. प्रथा जुनी, भाव खरा. हाच नाग वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या यादीतही आहे. भारत त्या करारात १९७६ पासून आहे, आणि २०२२ मध्ये आपल्या वन्यजीव कायद्यात त्यासाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. परदेशात दिलेला शब्द घरच्या कायद्यात असा उतरवावा लागतो, नाहीतर तो कागदावरच राहतो.

शिराळ्याहून वारणेच्या काठाकाठानं गेलं की वारणावती आणि चांदोली धरण. त्याच्या मागं राष्ट्रीय उद्यान. सांगली, सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सीमा इथं भिडतात. १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, क्षेत्र ३१७.६७ चौरस किलोमीटर. २०१० मध्ये कोयना आणि चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण इथं आणून सोडली. आम्हाला काही वाघ दिसला नाही. गवे दिसले, काळे-कुळकुळीत, पायात पांढरे मोजे घातल्यासारखे. शेकरू दिसलं. झोळंबीच्या सड्यावर वारा इतका की मुलींच्या ओढण्या सांभाळता सांभाळता पुरेवाट.

एका ठिकाणी रानाच्या मधोमध आंबे आणि फणस. सोबतच्या वनरक्षक दादांना मुलांनी विचारलं, "इथं कुणी लावलं हो?" दादा म्हणाले, "गाव हुतं हितं." जवळ जाऊन बघितलं तर गवतात जोत्याचे दगड. एवढा दंगा करणारी पोरं, सगळी गप्प झाली.

चांदोलीच्या रानातली गावं उठवून खाली वसवली गेली. काहींना जमीन मिळाली, काहींना पाणी नसलेली मिळाली, आणि हक्कासाठी अभयारण्यग्रस्तांचे मोर्चे वर्षानुवर्षं निघत राहिले. वारसा यादीत नाव आलं ते यानंतर. पण ज्या शांत रानाचं जगानं कौतुक केलं, त्या शांततेतली थोडी त्या माणसांची आहे. देश जगाला शब्द देतो तेव्हा सही दिल्लीची असते, पण तो पाळायला घर कुणीतरी वेगळंच सोडतं. मग त्या कुणाचं देणं देशानं आधी फेडायला नको का? मला तरी वाटतं, करारात देशाचं पहिलं कर्तव्य लिहिलंय त्यातच हेही येतं. आता जगालाही हे थोडं उमगलंय. २०११ आणि २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आदिवासींविषयीच्या मंचानं पश्चिम घाटाच्या प्रस्तावाबद्दल हाच आक्षेप घेतला होता, की तिथल्या माणसांना विचारलंत का? आणि २०१९ मध्ये कराराच्या नियमावलीत बदल झाला. नवी जागा सुचवण्याआधी तिथल्या आदिवासी समाजांची मोकळेपणानं दिलेली संमती घेतली, हे दाखवावं लागतं. चांदोलीला त्याचा उपयोग नाही झाला, उशीर झाला होता.

आपलं प्रगतिपुस्तकही सांगते. निसर्ग-संवर्धनाची एक आंतरराष्ट्रीय संघटना जगातल्या नैसर्गिक वारसा स्थळांचा आढावा घेते. चार श्रेणी असतात. २०२० च्या आढाव्यात पश्चिम घाटाला मिळाली तिसरी, म्हणजे 'लक्षणीय चिंता'. नापास नाही, पण पालकांना शाळेत बोलवावं लागेल अशी.

सातारा जिल्ह्याचं नाव २०२५ मध्ये पुन्हा या यादीत गेलं. ११ जुलैला पॅरिसमध्ये मराठ्यांच्या १२ किल्ल्यांची नोंद झाली, त्यात आपला प्रतापगड आहे. ११ किल्ले महाराष्ट्रातले, बारावा तामिळनाडूतला जिंजी. साताऱ्यात पेढे वाटले, तर आमच्या शाळेतही मुलं विचारत होती की आता गडावर तिकीट लागणार का. मी म्हटलं, तिकिटाचं नंतर बघू, आधी तटावर नावं कोरणाऱ्यांचं बघू. कारण आता तो तट जपण्याचा शब्द देशानं १९०हून अधिक देशांसमोर दिलेला आहे. खडूनं काय, खिळ्यानं काय, त्याच्यावर 'अमुक लव्ह तमुक' लिहिणारा त्या शब्दावरच रेघ ओढतो.

जायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. कासचा हंगाम पावसावर ठरतो, म्हणून आधी चौकशी करा आणि नोंदणी करूनच निघा. शनिवार-रविवार टाळलात तर फुलं निवांत दिसतील. पायवाट सोडू नका, कारण तुमच्या चपलेखाली आलेला वायतुरा लहान दिसला तरी दुर्मीळ आहे. वासोट्याला वनखात्याची परवानगी लागते आणि होडी बामणोलीहून मिळते. चांदोली पावसाळ्यात बंद असतं, दिवाळीनंतर जावं. वारणावतीला सकाळी लवकर पोचा, गवे उन्हाआधी दिसतात. प्रतापगड महाबळेश्वरहून जवळ आहे, एस.टी. मिळते. डबा घरूनच न्या, पण कासच्या पठारावर उघडू नका, खाली उतरून मग जेवा.